टॉवेलखालचे हात

ठके, आशीर्वाद.

परदेशातल्या वृद्धाश्रमात तू एका म्हातारीला चमच्याने भरवतेस, तो फोटो काल तुझ्या आईने इथे येऊन मला दाखवला. "बघा आई, कॉलेजचं एक वर्ष सोडून पोर सेवा करतेय! आणि आजीबाई किती आवडीने खातायत!" तिचे डोळे भरून आले. मला शिसारी आली.

आमच्या वृद्धाश्रमातही अशी परदेशी पोरं येतात. सकाळी याच हातांनी मी पाटीभर मटार सोलते. पण ती आली की मॅनेजरबाई माझ्या गळ्यात भलामोठा टॉवेल बांधतात. "आजी, हात खाली हं. इतक्या लांबून आलीत, त्यांचा हिरमोड नको." मग सेंटचा भपकारा मारणारी एखादी पोरगी गार सूप माझ्या तोंडात कोंबते, हनुवटीवरचा ओघळ बोटाने पुसते आणि तेच बोट पुन्हा ओठांना लावते. शी! एक घोट गिळते न गिळते तोच दुसरीचा नंबर.

तुझ्या त्या म्हातारीने केवढा आ वासलाय! अगं, मीही तस्साच वासते, फोटो एकदाचा निघावा म्हणून.

काल तुझ्या आईलाही उमाळा आला. तिने स्वतःच माझ्या गळ्यात टॉवेल बांधला, चमचा उचलला आणि फोटो काढून घेतला. तो तुला मिळालाच असेल. त्यात माझे हात शोध.

हे पत्र मात्र पाठवत नाही. इतक्या लांब गेलीस, तुझा हिरमोड नको.

तुझी,
आ वासलेली आजी