पालथा कप

२ फेब्रुवारी, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस, आणि चक्क आवडली. विंचूरजवळ द्राक्षं परदेशी पाठवणारी कंपनी, ऑफिसात सोळा माणसं. माझं नाव प्रतिभानेच सुचवलं. पंचवटीत आमची गल्ली एक, शाळेपासून एका डब्यात जेवलेल्या आम्ही. मालक ज्ञानेश सर, पण सर म्हटलेलं त्यांना चालत नाही. दादा म्हणायचं, कारण आपण म्हणे एक कुटुंब आहोत. भिंतीवर खुंट्यांना कप टांगलेले, प्रत्येकावर दादांनी स्वतःच्या हाताने नाव रंगवलेलं. माझं 'सृष्टी' आधीच तयार होतं. चहा करणाऱ्या चिमणाबाईंना तेवढा कप नाही, त्या स्टीलच्या पेल्यातून पितात. मी कप विसळून पालथा घालायला गेले, आईची शिकवण, तर प्रतिभाने झडप घालून तो सरळ केला आणि खुंटीला लावला. शिस्त बघा यांची.

९ फेब्रुवारी, सोमवार
रोशनी माझ्यासमोर बसते. परवा बैठकीत ती म्हणाली, पेट्यांवर चुकीची तारीख दादांनीच टाकायला लावली. आज तिचा कप टेबलावर पालथा. प्रतिभाने समजावलं की तो सरळ होईपर्यंत तिच्याशी कुणी बोलायचं नाही, बघायचंही नाही. काय पोरखेळ आहे, म्हटलं. पण रोशनीने स्टेपलर मागितला तेव्हा मी कॉम्प्युटरमध्ये मान घातली. तिने पुन्हा मागितला. लाज वाटली मला, तरी मान वर केली नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
रोशनीची खुर्ची रिकामी. कधीपासून, ते आठवेना. विचारलं तर सगळे म्हणतात, कोण रोशनी? आता मलाही तिचा चेहरा नीट आठवत नाहीये. परतताना गाडीत प्रतिभाजवळ मन मोकळं केलं. दादा कसला, छळतो हा माणसांना, मी तक्रार करणार आहे, असं सगळं बोलून टाकलं. तिने माझा हात घट्ट धरून ठेवला. एक तरी माणूस आपलं आहे, बरं वाटलं.

१६ फेब्रुवारी, सोमवार
माझा कप पालथा.
सकाळी बैठकीत दादांनी माझी गाडीतली वाक्यं जशीच्या तशी म्हणून दाखवली, हसत हसत. मी ती एकीलाच ऐकवली होती. प्रतिभा तिकडे कप विसळत होती. बराच वेळ विसळत होती.

१८ फेब्रुवारी
हजेरीचं मशीन माझं बोट ओळखत नाही. रोशनी दिसली, तिच्याच खुर्चीत. म्हणाली, मी कुठे गेलेच नव्हते, रोज इथेच बसते. स्टेपलरची आठवण काढली तिने. मी माझा स्टेपलर तिच्यापुढे सरकवला.
बाकी बोलल्या त्या फक्त चिमणाबाई.
"माझं नाव कुठल्याच कपावर नाय, म्हून तू मला दिसती. दिवाळीला प्रतिभाचा पालथा व्हता. आपला सरळ करायचा तर दुसऱ्याचा पालथा व्हावा लागतो, पोरी. तिनं तुझा कबूल केला आन् तुला आणलं."
दिवाळीपासून मागे लागली होती माझ्या, नोकरीला ये, नोकरीला ये. मला वाटलं, माझ्या काळजीने.

२० फेब्रुवारी
नोकरी गेली खड्ड्यात. आता जाणार नाही. घरी आई आहे. तिला तर मी दिसते.

संध्याकाळी
प्रतिभा येऊन गेली. आईला कप देऊन गेली, ऑफिसतर्फे भेट. दादांचं अक्षर. 'मालनबाई'.
आई त्यातच चहा पितेय. चार हाका मारल्या. पदर ओढला. तिने पंख्याकडे पाहिलं.
ताट एकच वाढलं—

मला कळतंय काय करायचं ते. तिचा कप पालथा घातला की माझा सरळ. मग मी तिला दिसेन. पण कपावर नाव माझंही आहे. मग आई मला दिसणार नाही, आणि उद्या मीच विचारेन, कोण मालनबाई?
नाही. मी प्रतिभा नाही. कपाला हात लावणार नाही.

आई जेवून उठली. कप विसळतेय.
ओरडून पाहिलं, खुंटीला लाव, आई, खुंटीला. ऐकू जात नाही. हात धरला तर कळत नाही.
धुतलेलं भांडं ती कायम पा—