कान कुणी कापले?

ओम्बाझू,
८ सप्टेंबर २००४

ती. इवाल्डीनताईस सा. न. वि. वि.

इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत. या दुष्काळात यालाच खुशाली म्हणायचं. तू पाठवलेले बूट मिळाले. मामा म्हणाले, बहिणीने पायांची सोय केली, आता डोक्याची कोण करणार?

बातमी अशी, की फाटक्या ओठाच्या त्या म्हाताऱ्या सिंहाने मामांच्या दोन गाई पाडल्या. कोरड्या नदीपलीकडे सापडल्या. भोवती त्याचेच ठसे. यंदा आपल्या गावसंस्थेला सिंहाच्या शिकारीचा परवाना नाही, पण सिंह उपद्रवी ठरला तर परदेशी पाहुण्याला तो रीतसर मारता येतो आणि त्याने भरलेले पैसे गावाला मिळतात. मामा अध्यक्ष, त्यांनी लगेच अर्ज केला. सतरा तारखेला सरकारी अधिकारी येणार. रानातल्या जनावरांचा राखणदार मी, म्हणून साक्ष माझी. गाव खूश आहे, पाण्याचा पंप दुरुस्त होईल. पाहुणा तर गाई पडायच्या आधीपासूनच तंबू ठोकून बसलाय आणि रोज दाढी करतोय.

पत्र पिकअपवाल्याबरोबर देतोय. त्याच्याच हाती उत्तर पाठव.

तुझा लाडका (तू नाही म्हणालीस तरी),
म्बाउंजा

---

विंडहुक,
११ सप्टेंबर २००४

चि. म्बाउंजास अनेक आशीर्वाद.

बूट घाल, जपून ठेवू नकोस. आणि आता कान उघडे ठेवून वाच.

सिंहाने गाई मारायच्या आधी पाहुणा तंबू घेऊन आलाच कसा? त्याला काय स्वप्न पडलं होतं? दुसरं, आपल्या मामांचं वासरू शिंकलं तरी सगळ्या ओम्बाझूला कळतं. दोन गाई गेल्या आणि ते बुटांवरून विनोद करतायत? मला हे लक्षण ठीक दिसत नाही. गाई पडताना कुणी पाहिल्या? तू त्यांचे कान पाहिलेस का? त्यांवर कापलेली खूण आपल्या मामांच्याच घराण्याची होती ना? का मामांनी सांगितलं आणि तू मान डोलावलीस?

मी शिकारीविरुद्ध नाही, हे तुला माहीत आहे. परदेशी माणसाने एक म्हातारा नर मारला, त्या पैशांतून मी नर्सिंग शिकले. सिंहापासून चार पैसे मिळतात म्हणून तर लोक त्याला सोसतात. पण ते सगळं खऱ्यावर उभं आहे. एक साक्ष खोटी निघाली तर सरकार उद्या सगळेच परवाने बंद करेल. इथल्या वॉर्डात बायका म्हणतात, तुम्ही गाववाले पैशांसाठी जनावरं विकता. मी त्यांच्याशी भांडते. मला खोटं पाडू नकोस.

मामांना नमस्कार सांग. हे पत्र मात्र दाखवू नकोस.

तुझी काळजी वाहणारी,
ताई

---

ओम्बाझू,
१८ सप्टेंबर २००४

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझी जीभ काळी आहे. तुझं पत्र वाचून पुन्हा नदीपलीकडे गेलो. दोन्ही गाईंना कान नव्हते. तरसाने कुरतडलेत असं आधी वाटलं, पण कापणी सरळ होती, सुरीची. खाली रक्ताचा डाग नाही, आणि ओढत आणल्याची खूण थेट गाडीच्या चाकांपाशी संपत होती.

आधी संशय पाहुण्यावरच गेला. मग वाटलं, त्याला काय कळतंय? गाईचा कान म्हणजे घराण्याचं नाव, हे त्याला कुणी सांगितलंय? त्याने कान तसेच सोडले असते. लपवावंसं वाटतं ते आपल्याच माणसाला.

मी मामांना तोंडावर विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. म्हणाले, “दुष्काळात मेलेल्या दुसऱ्यांच्या गाई आहेत, बाळा. फुकट मेल्या, त्यांना शेवटचं एक काम दिलं. तो सिंह पुढचा उन्हाळा बघणार नाही. एक गेला, पंप चालू झाला, की लोकांचे हात आवरतील. तू फक्त ठसे खरे आहेत एवढंच सांग, ते खरेच आहेत.” आणि वर, “राजधानीतली ताई तुझ्या तोंडून बोलतेय वाटतं!”

ताई, मी रात्रभर तळमळलो. काल अधिकाऱ्याला मी सगळं सांगितलं, फक्त मामांचं नाव गाळून. अर्ज फेटाळला. पाहुणा तंबू गुंडाळून गेला. शेकोटीभोवती कुणी माझ्याशी बोललं नाही. मागून एकजण म्हणाला, मग आम्ही आमच्या पद्धतीने बघू. कोण ते अंधारात दिसलं नाही, आवाजही ओळखला नाही. आता ज्याच्याकडे बघतो तो तोच वाटतो.

माझं चुकलं का, ते लवकर कळव.

तुझा,
म्बाउंजा

---

ओम्बाझू,
२ ऑक्टोबर २००४

चि. भाची इवाल्डीनला उसिएलमामाचे आशीर्वाद.

मी पत्रं लिहीत नाही, हे तू जाणतेस. म्हणून हे नीट वाच.

कुणीतरी मेलेल्या गाढवाला विष चोळून नदीपलीकडे टाकलं. म्हातारा सिंह गेला. त्याच्याबरोबर दोन्ही माद्या गेल्या, त्यांची पिल्लं गेली, तरस, कोल्हे आणि आभाळातून उतरलेली गिधाडं गेली. म्बाउंजाने एकट्याने लाकडं गोळा करून सगळं जाळलं, आणखी कुणी खाऊन मरू नये म्हणून. मी मदतीला गेलो तर म्हणाला, मामा, तुम्ही लांबच राहा.

मला याचीच भीती होती. लोकांच्या घरी विष केव्हापासून येऊन पडलंय, हे अध्यक्षाला कळतं. एक म्हातारा नर कायद्याने देऊन बाकीचे वाचवावे, एवढाच माझा डाव होता. तो खोटा होता, हे कबूल. तू हुशार आहेस, तुझी शंका खरी ठरली. पोर खरं बोललं, त्याला मी एका शब्दाने बोललो नाही.

विष मी घातलेलं नाही. हे मला तुला लिहून द्यावं लागतंय, यातच सगळं आलं.

म्बाउंजा आता प्रत्येकाच्या हाताकडे बघतो. कुणाच्या भांड्याला तोंड लावत नाही. काल मी त्याला आंबट दुधाचा तुंबा पुढे केला. त्याने आधी वास घेतला, मग माझ्याकडे पाहिलं, आणि तुंबा खाली ठेवून उठून गेला. आपल्या रीतीने मामाची गुरं भाच्याला जातात, माझ्या गुरांचा उद्याचा धनी तो. आईच्या भावाच्या हातचं दूध नाकारलेला भाचा मी माझ्या उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

तो तुझं ऐकतो. त्याला लिही, की मामाने असं केलं नाही. पण तुला स्वतःला तसं वाटत असेल, तरच लिही.

काहीही वाटलं तरी आशीर्वाद माझाच घे.

तुझा मामा,
उसिएल