अपघातवहीतली पहिली नोंद

१ मार्च, सकाळी ६
अग्निशमन दलाची लेखी परीक्षा पास! घरातली पहिली पदवी माझी, आता पहिली सरकारी नोकरीही. उरली फक्त २४ तारखेची मैदानी चाचणी. म्हणून आजपासून ग्रुप फिटनेस क्लास. निश्चय: दुखापत होऊ द्यायची नाही. या विषयावर तीन पुस्तकं वाचून झाली आहेत.

३ मार्च
कोच म्हणजे नुसती शिट्टी. पहिली दहा मिनिटं हातपाय हलवायला लावतो, त्याला वॉर्म-अप म्हणतो. तो वेळ मी इतरांच्या चुका टिपण्यात सत्कारणी लावला. माणसं अकरा, चुका सत्तावीस. शिवणकामवाल्या काकू तर व्यायामाच्या लाकडी खोक्यावर उडी मारतच नाहीत. जिना चढावा तशा चढतात, उतरतात. हटकलं तर म्हणाल्या, गुडघे माझे आहेत, शिट्टीचे नाहीत. अडाणीपणा.

५ मार्च
जुन्या दुखापतींचा फॉर्म. काकूंनी मागची बाजूही भरली. मी लिहिलं: काही नाही. दोन वर्षांपूर्वी मुरगळलेला घोटा ही दुखापत नव्हे, इतिहास आहे. शेजारच्याने पाठदुखी लपवली. अशा लोकांमुळेच समाज सुधारत नाही.

८ मार्च
शिट्टीला सुनावलं: अपघातवही ठेवा. तारीख, नाव, कारण. लपवाछपवी चालणार नाही. ठेवतो बाई, पण तुम्ही आधी वॉर्म-अप करा, म्हणाला. विषय बदलण्यात पटाईत.

१३ मार्च
वही भिंतीला टांगली आहे. पाच दिवस कोरी. नक्की दडपतायत. काकूंना एकटं गाठून विचारलं, पडलात का कधी? म्हणाल्या, पडले तर पहिली हाक तुलाच मारीन, पेन घेऊन ये. खवचट बाई.

१६ मार्च
घोटा जरा कुरकुरतोय. आई रुग्णालयाच्या धुलाईखान्यात वीस वर्षं ओल्या चादरींचे गठ्ठे उचलते. म्हणाली, दुखतंय तिथे जोर लावू नये, चार दिवस घरी बस. मी पदवीधर आहे, हे तिला शांतपणे सांगितलं. ती म्हणाली, घोट्याला सांगितलंस का?

१८ मार्च
ठरलं. उद्या सगळ्यांसमोर उडी कशी मारतात ते दाखवणार. वॉर्म-अपशिवाय. शिट्टीची बोलती बंद. पट्टी बांधली तर चर्चा होईल. जाड मोजे घालीन.

१९ मार्च, सकाळी ६.४०
सर्वांत उंच खोका. चढणं आदर्श होतं.

१९ मार्च, दुपारी
लिगामेंट फाटलं. सहा आठवडे. हा पाय आधी मुरगळला होता का, असं डॉक्टरांनी विचारलं. मी विचार करत होते, तेवढ्यात आई हो म्हणाली. त्यांनी ते लिहूनही घेतलं.

शिट्टी वही घेऊन दवाखान्यात आला, पेनासकट. पहिली नोंद माझी. कारणाच्या रकान्यात 'निसरडी फरशी' लिहिलं. त्या नीच माणसाने खाली लिहिलं: फरशीवर रबर आहे.

२० मार्च
चाचणी पुढे ढकलण्यासाठी अर्ज. नियम वाचले आहेत, मिळणारच. सोबत अपघातवहीच्या पानाची आणि क्लासच्या फॉर्मची प्रत हवी म्हणे. जोडल्या. डॉक्टरांचा कागदही.

२४ मार्च
अर्ज नामंजूर. तिन्ही कागदांत तीन वेगळ्या गोष्टी आहेत, असं कळवलंय.

मैदानावर आत्ता धावणं सुरू झालं असेल.

आई कामावरून आली. माझा पाय उशीवर ठेवायला आधी जवळ सरकली, गुडघे वाकवले, पाठ सरळ ठेवली, मग उचलला. मी नीट पाहत होते. एकही चूक सापडली नाही.