अवग्रहाचा बळी

४ मार्च
घात झाला! निवृत्त न्यायमूर्तींचा गौरवग्रंथ आमच्या छापखान्यातून बाहेर पडला. प्रत्येक पानाच्या माथ्यावर, बारीक टाइपात, मी रचून दिलेले बोधवाक्य — 'निरपराधोऽवध्यः'. निरपराधाचा वध करू नये. छापून आले — 'निरपराधो वध्यः'! मधला अवग्रह, लोपलेल्या 'अ'ची ती इवलीशी खूण, गळाला. आणि निरपराध वधास पात्र ठरला. चारशे पाने. चारशे वेळा!
प्रुफे मीच वाचली होती. अर्थात चूक नंतर शिरली असणार.

५ मार्च
छापखाना भाच्याचा. जप पुरा होण्याआधीच येऊन बसला.
"मामा, न्यायालयाची सगळी छपाई हातची जाईल. अठ्ठावीस घरं चालतात आपल्यावर. कोणाला तरी काढल्याचं दाखवावंच लागेल."
कोणाला? अक्षरजुळणी करणाऱ्या मुलीला. बारीक, किंचित वाकलेली. सारे तिला वेलांटी म्हणतात.
"चूक तिचीच कशावरून?"
"ते शोधत बसलो तर छापखान्याला टाळं लागेल. तुमचं शास्त्र काय म्हणतं ते सांगा."

६ मार्च
पोथ्या काढल्या. अनेकांच्या हितास्तव एकाचा त्याग शास्त्रास संमत आहे. ज्याचा त्याग करावयाचा त्यास आधी विचारावे, असे कोठे आढळले नाही. फार शोधलेही नाही — बारीक टिपा हल्ली नीट दिसत नाहीत. भाच्यास अनुकूल मत कळवले. चित्त प्रसन्न.

७ मार्च
वेलांटीस काढले. माझ्या मेजाशी आली.
"आजोबा, मी ते चिन्ह घातलं होतं हो. देवाशपथ!"
तिला त्यागाचे माहात्म्य सांगितले. सविस्तर. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले.
"पटलं. फक्त एवढंच, आजोबा — त्याग मी नाही केला. माझा केला."
कर्ता आणि कर्म यांतील भेद या मुलीस इतका स्वच्छ कळतो! कौतुक वाटले. तसे बोलूनही दाखवले.
जाताना एक लिफाफा ठेवला. "सवडीनं वाचा." निरोपाचे पत्र असावे. अशा पत्रांत शुद्धलेखनाचे हाल असतात, घाई नाही.

९ मार्च
न्यायमूर्तींचा राग निवळला. भाचा हर्षभरित — "मामा, छापखान्यावरचा डाग गेला!"

१२ मार्च
लिफाफा उघडला. पत्र नव्हे. गौरवग्रंथाचे शेवटचे प्रूफ. माथ्यावर अवग्रह जागच्या जागी. त्यावर तांबडी काट. समासात तांबड्याच शाईने: 'हा डाग सर्व पानांवरून काढावा.'
अक्षर माझे.
कोपऱ्यात पेन्सिलीने तिची ओळ: 'मालकांना दाखवलेलं नाही.' एकही चूक नाही.
जिन्यात भाच्याची पावले वाजत आहेत. प्रूफ मेजावर उघडे ठेवले आहे.