बाबांच्या खुर्चीवरची गादी

ता. ९, रविवार दुपार

चि. माकडतोंडीस,

ताईचे अनेक आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा.

आम्ही इकडे खुशाल आहोत. टपालातून पाकीट आलेलं पाहून तू घाबरली असशील, म्हणून आधीच सांगते, कोणाला काही झालेलं नाही. फोन हाताशी असताना ही बाई कागद-पेन घेऊन का बसली ते पुढे कळेल. मधलं सोडून शेवटावर उडी मारू नकोस, ती तुझी जुनी खोड आहे.

तुझा निरोप मिळाला. 'सव्वीस तारखेला माझी पन्नाशी. आईबाबा येत आहेत. तू आलीस तर आनंद होईल. न आल्यास यापुढे बोलावून तुला अडचणीत टाकणार नाही.' रागावलीस की तुझी भाषा सरकारी होते, हे तू शाळेत होतीस तेव्हापासून मला माहीत आहे. एरवी तू मला 'ए ताये' म्हणतेस.

उत्तर देणार आहे. पण आधी इकडची खबरबात.

दुकान बरं चाललंय. लोकांना नवीन पडदे का हवे असतात कोण जाणे, पण हवे असतात ही आपली भाग्याची गोष्ट. मागच्या गल्लीतले दातांचे डॉक्टर आले होते. म्हणाले, पेशंटला शांत वाटेल असा रंग दाखवा. मी म्हटलं, डॉक्टर, तुम्ही तोंडात यंत्र घातल्यावर त्याला छत दिसतं, पडदा कुठला? तरी त्यांनी तीन खिडक्यांचे पडदे शिवायला टाकले.

तुझ्या भाऊजींनी रोज चालायचं ठरवलं आणि महागाचे बूट आणले. ते बूट आता दारात बसून घराची राखण करतात. पाळी जाऊन मला तीन वर्षं उलटली. अजून अधूनमधून कोणीतरी भट्टीचं दार उघडल्यासारखं अंगातून वाफ निघते. मी खिडक्या उघडत सुटते आणि भाऊजी स्वेटर चढवतात. असा आमचा संसार चाललाय.

बाबांचा फोन असतोच. त्यांच्या खुर्चीवरची ती निळी गादी अजून सापडलेली नाही आणि त्यांचा संशय अजून शेजारच्या कुत्र्यावरच आहे. काल म्हणाले, 'माझ्याकडे बघून तो नजर चुकवतो.' मी हूं म्हटलं.

आता मुद्द्याचं.

गेली दोन वर्षं तू बोलावलंस की मी थाप मारली. दुकानात माल यायचाय, माझा गुडघा धरलाय, भाऊजींना सर्दी झालीय. त्या बिचाऱ्या माणसाला माझ्या थापांत इतकी सर्दी झाली की खऱ्या सर्दीत त्याला कोणी विचारेना. फोनही मी आटोपते घ्यायला लागले. तू एखादा किस्सा सुरू केलास की माझ्या दारात हमखास कोणीतरी यायचं. तुला वाटलं ताई बदलली. बाबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला तू माझी नक्कल केलीस, ती मला झोंबली, म्हणून मी तोंड फिरवून निघून गेले, असं सगळ्या घराने ठरवून टाकलं. मी ते ठरू दिलं. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

थांब, पाणी पिऊन येते.

आले. हो, मी आता पाणी पिते, चांगलं पेलाभर. त्याचाही इथे संबंध आहे.

तो दिवस आठव. तू टेबलावरचं कापड ओढलंस, बाबांचा पट्टा मापाच्या टेपसारखा गळ्यात अडकवलास, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणलास आणि म्हणालीस, 'अहो बाई, हा करडा नव्हे, हा कबुतरी! करड्यात घर म्हातारं दिसतं, कबुतरीत विचारी दिसतं!' मी अशी बोलते हे मला त्या दिवशी कळलं. अगदी कापड झटकताना माझी करंगळी वर जाते तीसुद्धा तू सोडली नाहीस. त्यात बाबा गिऱ्हाईक होऊन पुढे आले, कापड चाचपलं आणि कमालीच्या गांभीर्याने म्हणाले, 'छान आहे. पण पडद्याला खिसा आहे का?'

मी बाबांच्या खुर्चीत बसले होते, त्यांच्या कंबरेसाठी आणलेल्या त्या निळ्या गादीवर. कबुतरीपर्यंत मी कशीबशी तग धरली होती. खिसा आला आणि बांध फुटला.

हसण्याचा नव्हे गं. तो कधीच फुटला होता. दुसरा.

लिहिलं एकदाचं.

मी हसताना मला लघवी झाली, भर मैफलीत, बाबांच्या गादीवर. तुम्ही सगळे खिशावर हसत होतात तेवढ्यात मी शाल कमरेला गुंडाळली, गादी पडद्यांच्या नमुन्यांच्या पिशवीत कोंबली आणि काढता पाय घेतला. लालबुंद तोंड, डोळ्यांत पाणी, जेवायलाही न थांबलेली ताई तुम्ही पाहिलीत. ते पाणी अर्धं हसण्याचं होतं, अर्धं लाजेचं. गादी माझ्याकडे आहे. कुत्रा निर्दोष आहे.

ते काही पहिल्यांदा झालं नव्हतं. आधी शिंकताना, मग खोकताना, मग कापडाचा जड तागा उचलताना. मी दुकानात गडद रंगच घालायला लागले. तू दिलेली ती फिकट पिवळी पँट कपाटातच राहिली आणि तू मला 'रंग आवडला नाही वाटतं' असा टोमणा मारलास, तो मी गिळला. पाणी प्यायचं सोडलं. बाहेर पडले की कुठल्या दुकानात बाथरूम वापरू देतात याचा नकाशाच डोक्यात असायचा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मी हसण्याला भ्यायला लागले. गंभीर माणसं शोधून त्यांच्यात बसायचे. तुला कल्पना नाही, गंभीर माणसं किती बोलतात!

आता मला सांग, मला जगात सगळ्यात जास्त हसवतं कोण? मग मी टाळणार कोणाला?

तुझी फार आठवण यायची गं. दुकानात एखादं नमुनेदार गिऱ्हाईक आलं की वाटायचं, ही नक्कल वाया चालली.

शेवटी सुटका कशी झाली ते ऐक. ब्लडप्रेशर तपासायला आमच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. त्यांनी विचारलं, 'आणखी काही त्रास?' मी म्हटलं, 'छे, काही नाही.' उठले, दाराच्या मुठीला हात लावला आणि तशीच मागे वळले. त्या पेन खाली ठेवून म्हणाल्या, 'बसा. बायका खरं काय ते दारापाशी गेल्यावरच बोलतात.'

मग मी भडाभडा बोलले. त्या ऐकताना ना हसल्या, ना हळहळल्या. आधी लघवी तपासली, जंतूंची लागण नाही ना हे पाहिलं. मग म्हणाल्या, बाळंतपणं, वय, पाळी गेल्यावर हार्मोन्स उतरणं, वर रोजची उचलठेव, याने खालचे स्नायू ढिले पडतात. तुमच्या वयाच्या कितीतरी बायकांना हे असतं आणि प्रत्येकीला वाटतं की जगात आपण एकटीच. पाणी तोडल्याबद्दल मात्र चांगल्याच रागावल्या. त्याने लघवी जळजळते, पोट साफ होत नाही, आणि कुंथून कुंथून ते स्नायू आणखी दमतात. चहा-कॉफी कमी करा आणि व्यायामाला जा, म्हणाल्या. मी विचारलं, 'ऑपरेशन?' तर म्हणाल्या, 'आधी व्यायाम मनापासून करा, मग बोलू.'

तो व्यायाम म्हणजे काय प्रकार आहे, तुला दाखवायलाच हवा. एक तरुण फिजिओ आमचा वर्ग घेते. सगळ्या बायका खुर्च्यांवर गोल बसतात, आणि बघणाऱ्याला काहीही दिसत नाही! वाटावं, या बसची वाट बघतायत. आतल्या आत, लघवी अडवल्यासारखं आवळायचं, वर ओढायचं, धरायचं आणि अलगद सोडायचं. आम्ही सुरुवातीला सगळ्या श्वास कोंडून, भुवया ताणून बसलो. ती म्हणाली, 'बायांनो, श्वास चालू द्या. आणि भुवया खाली घ्या, भुवयांनी काही उचललं जात नाही.'

माझ्या शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापिका असतात. त्या स्वतःच्या स्नायूंना दम देतात. 'वर राहायचं! मी सांगितल्याशिवाय कोण खाली आलं?' पलीकडे बस चालवणारी एक बाई. ती म्हणते, 'मी सिग्नलला करते. लाल लागला की आवळायचं, हिरवा लागला की सोडायचं.' मी ते उचललं आणि शिलाईच्या मशीनवर लागू केलं. परवा मुख्याध्यापिका म्हणाल्या, 'आपल्याला हे शाळेत का नाही शिकवलं?' आणि मग अख्खा वर्ग हसत सुटला, एकमेकींकडे बोट दाखवून, की बघ, तू हसतेयस!

आधी बरेच आठवडे काहीच फरक पडेना. मला वाटलं, ही पोर आपल्याला नुसती बसवून ठेवतेय. मग एके दिवशी दातांचे डॉक्टर त्यांचे पडदे न्यायला आलेले असताना, तागा दोन्ही हातांत असताना, मला शिंक आली. चांगली सणसणीत. मी डोळे मिटून उभी राहिले. वाट पाहिली. काही नाही!

'काही नाही!' मी ओरडले.

डॉक्टर दचकले. 'काय नाही?'

'काही नाही डॉक्टर! तेच तर!'

त्यांना वाटलं असेल, हिचाच पडदा सरकला. मी त्या दिवशी त्यांना शिलाईत सूट दिली.

त्याच संध्याकाळी भाऊजींना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, चेष्टा करतील. तर त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, 'तू काहीतरी मोठं दुखणं लपवतेयस असं मला दोन वर्षं वाटतंय. विचारायची छाती होत नव्हती.' एकाच घरात राहून आम्ही दोघं असे गप्प होतो बघ. मग नाक पुसून म्हणाले, 'म्हणजे माझी सर्दी आता बरी झाली म्हणायची.'

मी तेव्हाच तुला फोन करायला हवा होता. लाज वाटली. रोज उद्यावर ढकललं. आणि मग गेल्या आठवड्यात तुझ्या नवऱ्याचा फोन आला. त्याच्यावर चिडू नकोस, बिचाऱ्याने फार चाचरत सांगितलं. म्हणाला, 'ताई, पन्नाशीला या हो. त्या दिवसापासून ही कोणाचीच नक्कल करत नाही. मुलं मागे लागली तरी म्हणते, नको रे, लोकांना लागतं.'

फोन ठेवला आणि मी रडले. माझ्या लाजेपायी तू गप्प झालीस, हे मला माहीतच नव्हतं.

तर नीट ऐक. तुझ्या नकलेने मला काही लागलं नाही. माझी करंगळी आयुष्यात कोणी एवढ्या प्रेमाने पाहिलेली नाही. फोनवर हे सांगायला गेले असते तर तू नुसतं 'काय गं' म्हणाली असतीस आणि मला हसू फुटलं असतं, मग सगळं सांगायचं राहिलं असतं. म्हणून हे पत्र.

आणखी एक. तुझीही पन्नाशी आली. शिंकताना, खोकताना तुलाही असं काही होत असलं तर दारापर्यंत जायची वाट पाहू नकोस, आधीच बोल. आपण दोघी एकाच आईच्या. आणि आई, आठवतंय ना, बाबांनी काही गमतीचं काढलं की उठून स्वयंपाकघरात पळायची? आपल्याला वाटायचं, तिला त्यांचे विनोद आवडत नाहीत. परवा मी तिला फोनवर सरळ विचारलं. मग ती हळूच म्हणाली, 'तुलाही?' आणि नंतर आम्ही मायलेकी इतक्या हसलो की बाबा मागून विचारत होते, गादी सापडली का.

सव्वीस तारखेला येते. भाऊजीही येतील, बूट घालून. पिवळी पँट इस्त्री करून दाराला टांगून ठेवली आहे. बाबांची गादी आणि कुत्र्यासाठी बिस्किटांचा मोठा पुडा आणते. आईबाबांना घरी सोडायला जाऊ तेव्हा त्याची माफी आपण दोघी मिळून मागू.

आईबाबांसमोर, मुलांसमोर, माझी नक्कल कर. कबुतरीपासून खिशापर्यंत, पुरी. भेट म्हणून मला तेवढंच हवं, वाढदिवस तुझा असला तरी.

कळावे, आणि हसवावे.

तुझीच,
ताये

ता. क. फिजिओ म्हणते, पूर्ण हमी कोणी देत नाही. फारच हसलात तर एखाद वेळी थेंबभर होईलही. झालं तर झालं. गादीला मी धुता येईल असं नवं कव्हर शिवलंय, कबुतरी. यावेळी मी उठणार नाही.