व्हार्देलचे उरलेले अकरा

यतिन,

फ्रेंच दिग्दर्शक ल्युसियाँ व्हार्देल काल गेले. त्यांच्या मुलीने तसं जाहीर केलं. वय एक्याण्णव, चित्रपट त्रेसष्ट.

मेलबर्नजवळच्या वेरिबीच्या घरात आपण दर रविवारी त्यांचा एकेक चित्रपट क्रमाने पाहायचो. "माझ्याशिवाय पुढचा पाहिलास तर घटस्फोट हं," तू म्हणायचास. बावन्नावा झाला आणि तू सिडनीकडे ब्लॅकटाउनला निघून गेलास. घटस्फोटाचे कागदही तूच पाठवलेस. मी मात्र त्रेपन्नावा अजून लावलेला नाही.

म्हाताऱ्या कलावंतांचे मृत्युलेख आमच्या बातम्यांच्या पोर्टलवर आधीच लिहून ठेवतात. व्हार्देलचा माझा लेख बावन्नाव्यापाशीच थांबला होता. आज सकाळी उरलेल्या अकरांबद्दल मी इतरांची परीक्षणं वाचून लिहिलं, स्वतः पाहिल्यासारखं. परीक्षणं लिहिण्याच्या वीस वर्षांत असं कधी केलं नव्हतं. संपादक विनीता म्हणाली, "शेवटचे चित्रपट काय बारकाईने पाहिलेस गं!" मी नुसतं थँक्स म्हणाले.

हे तिला सांगवत नाही, आणि हे पत्र तुला पाठवणार नाही.

येत्या शनिवारपासून मेलबर्नच्या एका थिएटरात श्रद्धांजली म्हणून त्यांचे शेवटचे, म्हणजे तेच अकरा दाखवणार आहेत. परीक्षण मलाच लिहायचंय, विनीताने तिकीटही काढलंय, एकच. सहा वाजता त्रेपन्नावा सुरू होईल.

देवयानी