कड नसलेला गालिचा

आये, माझ्या टेबलावर गालिच्यांचे अकरा तुकडे पडलेत आणि सकाळपासून तू डोळ्यांसमोरून हलत नाहीस. हसशील तू. जन्मभर शेणाने जमीन सारवलीस, आणि तुझी लेक शहापूरच्या दवाखान्यात मेट्रन होऊन गालिचे निवडत बसलीय! नव्या इमारतीत बाळंतिणींच्या खोल्यांबाहेर लांबलचक पॅसेज आहे. तिथून स्ट्रेचर खडखडत गेलं की नुकता डोळा लागलेली बाई दचकून उठते. डॉक्टर म्हणाले, गालिचा टाकू, टिकाऊ हवा, दिसायलाही छान हवा, तुम्हीच ठरवा. कल्याणचा दुकानदार नमुने ठेवून गेला. मी त्यांच्यावर चहा सांडला, हळद चोळली, जखमेचं तांबडं औषध ओतलं, फिनेलने पुसलं, वरून स्ट्रेचर फिरवलं. शिपाई बघतच राहिला. त्याला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं.

तुला मुरबाडच्या दवाखान्यातला तो गालिचा आठवतो ना? तू तिथे आया, आणि बारावी झाल्यावर तुझ्याच शब्दावर मी दाराजवळ केसपेपर लिहायला लागलेली. डॉक्टरांच्या बायकोने हौसेने लाल गालिचा आणला, पांढऱ्या फुलांचा, आणि पेशंट बसायच्या खोलीत मधोमध अंथरला. टोकावड्याकडच्या बाया एसटीतून उतरून यायच्या, दारात चपला काढायच्या आणि तिथेच थबकायच्या. आपल्याकडे चांगलं काही अंथरलं की ते सोयऱ्याधायऱ्यांसाठी, आपण आपले कडेला. एकीने तर गालिच्याचा कोपरा नीट दुमडून बाजूला सारला आणि पोराला घेऊन उघड्या लादीवर बसली. "घाण होईल ना गो तुमचा," मला म्हणाली. तू पोट धरून हसलीस. मी नाही हसले. मला वाटलं, शहाणी आहे बाई. त्या गालिच्याची मला भारी ऐट होती, जशी काही मीच तो विणलाय.

मग ती श्रावणातली सकाळ. तू नुकती लादी पुसून बादली घेऊन आतल्या दारात उभी आहेस. दिवस भरत आलेली एक बाई येते, पोटऱ्यांपर्यंत चिखल. बिचारीने एक पाय गालिच्यावर ठेवला मात्र, मी खेकसले, "ए बाई, कडेने जा, कडेने!" चटका बसल्यासारखा तिने पाय मागे घेतला. भिंतीला धरून ओल्या लादीवर दोन पावलं गेली आणि पडली. हात टेकला म्हणून पोट वाचलं, पण मनगट मोडलं. पुढे मुलगी झाली तिला, धडधाकट. तरी ते पडणं मी अजून विसरलेली नाही.

डॉक्टर बाहेर धावत आले. बाईला उचलून आत नेलं, आणि मग ओरडले, "लादी ओली कोणी ठेवली?" माझ्या हातात पेन होतं. तोंड उघडायचं होतं फक्त. तेवढ्यात तूच पुढे झालीस. "मी पुसली सायेब. चूक माझी हाय." आणि मी काय केलं? मान खाली घालून त्या बाईचं नाव केसपेपरवर लिहीत राहिले. दुसऱ्या दिवसापासून तुला येऊ नको म्हणून सांगितलं.

घरी आल्यावर तू चूल पेटवलीस, भाकऱ्या थापल्यास, पहिली गरम भाकरी माझ्या ताटात टाकलीस. मी नुसतं "आये..." म्हटलं, तर म्हणालीस, "जेव गो. उद्या टायमावर जा." तू लोकांच्या भातखाचरात तण बेणायला जायला लागलीस, पण माझा डबा एक दिवस चुकला नाही. ताई बाळंतपणाला आली तेव्हा तू खोली सारवत होतीस, खळगा दिसला की बुजवत. म्हणालीस, "बालंतिनीला खाली बघून चालायची पाळी नाय आली पायजे." ते तू माझ्याकडे न बघता म्हणालीस. त्यानंतर दोनच वर्षांत तू गेलीस; माझं नर्सिंग शिकणं, ही नोकरी, काहीच तू बघितलं नाहीस.

मी मातकट रंगाचा नमुना निवडलाय. आखूड लवेचा, खाली रबर, पाणी मुरत नाही, डाग धुऊन निघतात. आज त्याचा एक पट्टा पॅसेजात टाकून बघितला. खर्डीकडची एक पोटुशी बाई आली, चपला हातात, आणि सवयीने भिंतीकडे वळली. मी टेबल सोडून धावले. "मधून चाल गो, मधून!" ती म्हणाली, "पायाला चिखल हाय बाय." म्हटलं, "असूदे. त्याच्यासाठीच टाकलाय." ती मान वर करून सरळ चालत गेली, आणि मला भर पॅसेजात रडू फुटलं. मग दुकानदाराला फोन केला: या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लावा, कुठे कड ठेवू नका. डॉक्टरांना सांगितलं, कडेला धूळ साचते. त्यांना पटलं.

हे पत्र मी कुठे टाकणार? नमुन्यांखाली ड्रॉवरमध्ये राहील. तू आत होतीस, माझं ओरडणं तुला ऐकू गेलंच नाही, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. पण आये, तू दारातच होतीस. मला दिसत होतीस.